किमान वेतन वाढवावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की किमान वेतनाचा नवा आकडा जाहीरनाम्यात झळकतो आणि पाठोपाठ वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, वेतन वाढवा, गरिबी हटेल. दुसरी म्हणते, वाढवाल तर नोकऱ्या जातील. या विषयात जगाला शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे आणि गेल्या तीसेक वर्षांत त्यावर बारकाईने संशोधनही झाले आहे. त्यातून काय दिसते ते इथे मांडले आहे. जिथे माझे स्वतःचे मत आहे, तिथे ते उघडपणे सांगितले आहे.

किमान वेतनाचा कायदा पहिल्यांदा आला कुठे, आणि कशासाठी?

न्यूझीलंडने १८९४ मध्ये औद्योगिक तंटे सक्तीने लवादापुढे आणण्याचा कायदा केला, त्यातून वेतनाची खालची मर्यादा ठरू लागली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने १८९६ मध्ये काही धंद्यांसाठी वेतन मंडळे नेमली. रोख होता तो शिवणकामासारख्या धंद्यांवर. तिथे बायका आणि मुले घरात किंवा कोंदट खोल्यांत बारा-चौदा तास राबत आणि नगावर मिळणारी मजुरी पोटालाही पुरत नसे. १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी एका प्रसिद्ध निकालात वेतनाचा पाया बाजारभावावरून काढून माणसाच्या गरजांवर ठेवला. ब्रिटनमध्ये १९०९ साली निवडक धंद्यांसाठी मंडळे आली. अमेरिकेत १९३८ मध्ये ताशी २५ सेंटचा देशव्यापी दर लागू झाला, तर भारताने १९४८ मध्ये कायदा केला. आज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सुमारे ९० टक्के सदस्य देशांत कोणत्या ना कोणत्या रूपात किमान वेतन आहे. त्यामुळे ते असावे की नसावे हा वाद बहुतेक ठिकाणी मागे पडला आहे. भांडण आहे ते किती आणि कधी वाढवायचे याचे.

वेतन वाढवले की नोकऱ्या जातात, हे खरे आहे का?

बेताची वाढ असेल तर बहुतेक वेळा मोठ्या प्रमाणावर जात नाहीत. हे उत्तर सहजासहजी मिळालेले नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके अनेक दशके एकच चित्र काढत आली: श्रमाची किंमत वाढली की श्रमाला मागणी घटते. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४६ मध्ये हीच मांडणी धारदारपणे केली आणि पुढच्या पिढ्यांनी ती जवळपास गृहीत धरली. मग एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने काहीच बदल केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. वेतन वाढलेल्या राज्यात रोजगार घटलेला त्यांना आढळला नाही. १९९४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि अर्थशास्त्रज्ञांत खडाजंगी सुरू झाली. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांची माहिती वापरून उलटा निष्कर्ष काढला. कार्ड आणि क्रूगर यांनी २००० मध्ये सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. क्रूगर यांचे निधन २०१९ मध्येच झाले होते.

एका राज्यावरून सगळ्या जगाचा निवाडा करता येत नाही, ही टीका रास्त होती. म्हणून २०१९ मध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी १९७९ ते २०१६ या काळातल्या राज्य पातळीवरच्या १३८ वाढी एकत्र तपासल्या. नव्या दरापेक्षा कमी पगाराच्या जितक्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, जवळपास तितक्याच नव्या दरावर किंवा त्याच्या थोड्या वर तयार झाल्या होत्या. थोडक्यात, बहुतेक नोकऱ्या गेल्या नव्हत्या, त्यांचा पगार वाढला होता. पण हा निष्कर्ष एका मर्यादेत आहे. त्या वाढी मध्यक वेतनाच्या ५९ टक्क्यांपर्यंतच्याच होत्या. सगळ्या वेतनांची चढती रांग लावली तर बरोबर मधोमध येते ते मध्यक वेतन. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

पण किंमत वाढली तर मागणी घटायलाच हवी ना?

मालक आणि कामगार बरोबरीच्या ताकदीने सौदा करत असतील, तर हो. प्रत्यक्षात कामगाराला दुसरी नोकरी शोधायला वेळ लागतो, प्रवास लागतो, मधल्या काळात घर चालवायला पैसे लागतात. काही भागांत तर त्या प्रकारचे काम देणारे मालकच दोन-तीन असतात. अशा वेळी मालक कामगाराच्या कामाच्या मोलापेक्षा कमी पगार देऊ शकतो आणि तरीही माणूस टिकतो. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच ही शक्यता मांडली होती. इथे कायद्याने दर वाढवला तर मालकाचा नफा कमी होतो, पण माणूस कामावर ठेवणे त्याला अजूनही परवडते.

दुसरे कारण रोजच्या व्यवहारातले आहे. तुटपुंज्या पगारावर माणसे टिकत नाहीत. दर थोड्या महिन्यांनी नवा माणूस शोधा, त्याला शिकवा, त्याच्या चुका सोसा, हा सगळा खर्चच असतो. पगार वाढला की सोडून जाणारे घटतात आणि वाढीव खर्चाचा काही भाग तिथेच भरून निघतो.

मग आकडा कितीही वाढवायला हरकत काय?

हरकत आहे. वेतनवाढीच्या समर्थकांनी ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

अमेरिकेचा १९३८ चा दर तिच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटालाही लागू झाला. तिथले वेतनमान मुख्य भूमीच्या कितीतरी खाली होते. शिवण आणि भरतकामाच्या धंद्याला इतका फटका बसला की १९४० मध्ये कायदा बदलून बेटासाठी वेगळे, कमी दर ठरवण्याची मुभा द्यावी लागली. अमेरिकेच्याच ताब्यातल्या, पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआत २००७ पासून दर टप्प्याटप्प्याने वाढू लागला. तिथली अर्थव्यवस्था टूना मासे डबाबंद करणाऱ्या दोन मोठ्या कारखान्यांवर उभी होती. २००९ मध्ये त्यातला एक बंद पडला. त्यामागे इतर कारणेही होती, पण अमेरिकी संसदेने पुढच्या वाढी लांबणीवर टाकल्या, यावरून धोका किती खरा वाटला ते कळते.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होती: एका अर्थव्यवस्थेचा आकडा दुसरीवर जसाच्या तसा लादला गेला. म्हणून नुसत्या रकमेवर भांडण्यात अर्थ नाही. त्या भागातल्या मध्यक वेतनाच्या किती टक्के ती रक्कम होते, हे आधी विचारावे. पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत अनुभव पुष्कळ आहे आणि तो बऱ्यापैकी आश्वासक आहे. त्याच्या बरेच पुढे गेल्यावर पुरावा विरळ होत जातो, आणि तिथे पावले सावकाश टाकावीत.

नोकरी टिकली, पण कामाचे तास कापले तर?

ही भीती अनाठायी नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात २०१६ मध्ये दर ताशी १३ डॉलरपर्यंत गेल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये सांगितले की कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांना त्याच शहराच्या खाद्यव्यवसायात रोजगारघट दिसली नाही. पहिल्या गटाने नंतर एकेका कामगाराचा माग काढला. आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी लोकांचे उत्पन्न वाढले होते, नवख्यांच्या पदरात फारसे काही पडले नव्हते आणि कमी पगाराच्या कामात नव्याने शिरणारे घटले होते.

मला यातला शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. ज्याला अजून पहिली नोकरीच मिळालेली नाही, तो कुठल्याच मोर्चात नसतो. त्याच्यासाठी वेगळी तरतूद हवी, प्रशिक्षणाची किंवा काम शिकत उमेदवारी करण्याची. मात्र त्याच्या नावाने सगळ्यांचेच वेतन दाबून ठेवणे मला पटत नाही.

वाढलेल्या पगाराचे पैसे शेवटी कोण देते?

बऱ्याच अंशी ग्राहक. हंगेरीने २००१ आणि २००२ या दोन वर्षांत किमान वेतन २५,५०० फोरिंटवरून ५०,००० फोरिंटवर नेले. इतकी मोठी उडी क्वचितच कुणी मारली असेल. पीटर हारास्तोसी आणि अ‍ॅटिला लिंडनर यांनी कंपन्यांचे हिशेब तपासले तेव्हा दिसले की वाढीव खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार भाववाढीच्या रूपाने ग्राहकांवर गेला आणि उरलेला मालकांच्या नफ्यातून आला. रोजगारघट थोडी होती. ती मुख्यतः अशा उद्योगांत दिसली, ज्यांना परदेशी मालाशी टक्कर द्यावी लागते आणि म्हणून भाव वाढवता येत नाहीत.

म्हणजे हा फुकटचा लाभ नाही. रेस्टॉरंटमध्ये जेवणारे, सफाई आणि राखणदारी विकत घेणारे लोक थोडे जास्त पैसे मोजतात आणि ते काम करणाऱ्याच्या हातात जातात. ही वाटणी मला न्याय्य वाटते, कारण आजवरची ती स्वस्ताई कुणाच्या तरी अपुऱ्या पगारातून येत होती. पण ही वाटणी आहे हे लोकांना सांगूनच ती करावी.

याने महागाई भडकत नाही का?

सर्वसाधारण महागाई भडकत नाही. किमान वेतनावर काम करणाऱ्यांचा पगार हा देशातल्या एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत किमान वेतन १० टक्के वाढल्यावर रेस्टॉरंटचे भाव साधारण ०.७ टक्के वाढलेले दिसले. सरकारने निवृत्तिवेतन किंवा इतर देणी किमान वेतनाला जोडली असतील तर गोष्ट वेगळी. ब्राझीलमध्ये तसे आहे, म्हणून तिथे प्रत्येक वाढीचा भार सरकारी तिजोरीवरही पडतो.

छोटे व्यावसायिक यात भरडले जातील, त्याचे काय?

काही जण भरडले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०१५ रोजी ताशी ८.५० युरोचा पहिला देशव्यापी दर लागू केला. त्याआधी नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी लाखो नोकऱ्या जाण्याची भाकिते केली होती. ती खरी ठरली नाहीत. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की कमी पगाराचे कामगार लहान, कमी उत्पादक आस्थापनांतून मोठ्या आणि चांगला पगार देणाऱ्या कंपन्यांत सरकले. एकूण रोजगार टिकला, पण अगदी छोट्या आस्थापनांची संख्या घटली.

देशाच्या हिशेबात ही चांगली बातमी असते, पण ज्याचे दुकान बंद झाले त्याला त्या हिशेबाचा उपयोग नसतो. दर किती वाढणार हे त्याला वर्ष-दोन वर्षे आधी कळले तर तो भाव, माणसे आणि कामाची पद्धत बदलू शकतो. ऐन निवडणुकीत जाहीर झालेली आणि महिनाभरात लागू केलेली वाढ सर्वांत जास्त छळते ती त्यालाच.

माणसांऐवजी यंत्रे येतील का?

काही कामांत येतील, विशेषतः ठरावीक आणि पुन्हापुन्हा करायच्या. पण यंत्रे स्वस्त होत चालली आहेत म्हणून ती वेतन न वाढवताही येतच आहेत.

गरिबी खरोखर कमी होते का?

होते, पण घोषणांत सांगतात तितकी नाही. किमान वेतन नोकरी असलेल्यालाच मिळते, आणि अतिगरीब घरांत बऱ्याचदा कमावता माणूसच नसतो. उलट किमान वेतनावरच्या काहींच्या घरात दुसरा बऱ्यापैकी पगार येत असतो. अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २०१९ मध्ये हिशेब मांडला: २०२५ पर्यंत दर १५ डॉलर केला तर १ कोटी ७० लाख कामगारांचे वेतन थेट वाढेल, १३ लाख लोक दारिद्र्यरेषेच्या वर येतील आणि मधला अंदाज धरला तर १३ लाख नोकऱ्या जातील. नोकऱ्यांच्या अंदाजाची व्याप्ती मात्र शून्यापासून ३७ लाखांपर्यंत होती. त्या दिवशी एका पक्षाने पहिले आकडे उचलले, दुसऱ्याने शेवटचा. अहवाल एकच होता.

विषमतेवरचा परिणाम अधिक ठळक आहे. १९३८ च्या अमेरिकी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने तिथेच होते. १९६६ मध्ये शेती, रेस्टॉरंट, शुश्रूषागृहे अशा क्षेत्रांना कायदा लागू झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पुढच्या काही वर्षांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीयांच्या कमाईतली दरी जी कमी झाली, त्यातला २० टक्क्यांहून अधिक वाटा या एका विस्ताराचा होता. कायद्यातून कुणाला वगळले आहे हे पाहणे म्हणूनच आकड्याइतके महत्त्वाचे आहे.

त्यापेक्षा सरकारने गरिबांना थेट पैसे का देऊ नयेत?

द्यावेत. अमेरिकेत १९७५ पासून कमी उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांना करातून परतावा मिळतो, आणि तो गरजू घरांपर्यंत किमान वेतनापेक्षा नेमका पोहोचतो. पण नुसता परतावा दिला तर मालकाला पगार कमी ठेवायला वाव मिळतो आणि सरकारी पैशाचा काही भाग त्याच्याकडे जातो. खाली किमान वेतनाचा आधार असेल तर ही गळती कमी होते. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत. राजकारणात मात्र थेट मदतीचे नाव किमान वेतन टाळण्यासाठीच घेतले जाते.

हा प्रश्न डाव्या-उजव्यांचा आहे का?

वाटतो तितका नाही. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाने १९९८ च्या किमान वेतन कायद्याला विरोध केला होता. १ एप्रिल १९९९ पासून ३.६० पौंडांचा दर लागू झाला, आणि बेरोजगारीची भाकिते खरी ठरली नाहीत. २०१५ मध्ये त्याच पक्षाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी आणखी मोठी वाढ जाहीर केली.

स्वित्झर्लंडच्या मतदारांनी मे २०१४ मध्ये ताशी २२ फ्रँकचा देशव्यापी दर सुमारे ७६ टक्के मतांनी फेटाळला, पण २०२० मध्ये जिनिव्हा प्रांताने २३ फ्रँकचा दर मतदानाने मंजूर केला. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये तर कायदेशीर किमान वेतनच नाही, आणि तिथे त्याला सर्वांत कडवा विरोध कामगार संघटनांचाच आहे. त्या वाटाघाटी करून त्याहून चांगले दर मिळवतात आणि सरकारचा हात त्यात नको म्हणतात. हे उदाहरण देताना लोक विसरतात की तिथे बहुसंख्य कामगार सामूहिक कराराखाली येतात. संघटना दुबळ्या असलेल्या देशात कायदा काढून घेतला तर कामगाराच्या हाती काहीच उरत नाही.

काही वर्षे दर आहे तसाच ठेवला तर काय बिघडते?

माझ्या मते सगळ्या वादात या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. महागाई चालूच असते, त्यामुळे दर न वाढवणे म्हणजे तो दरवर्षी थोडा कापणे. त्यासाठी विधेयक लागत नाही, चर्चा होत नाही, कुणाला मत द्यावे लागत नाही. अमेरिकेचा संघीय दर २४ जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर थांबला. टिप मिळणाऱ्या कामगारांचा मूळ दर तर १९९१ पासून २.१३ डॉलरच आहे. खरेदीशक्तीच्या हिशेबाने तिथल्या किमान वेतनाचा कळस १९६८ मध्ये होऊन गेला.

मेक्सिकोत गोठवणुकीचे एक निराळे कारण होते. दंड, शुल्क, गृहकर्जाचे हप्ते अशा अनेक रकमा किमान वेतनाच्या पटीत मोजल्या जात. दर वाढवला की सगळेच वाढणार, म्हणून सरकारे तो दाबून ठेवत. २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून त्या रकमांसाठी वेगळे एकक आणले, तेव्हा कुठे २०१९ पासून मोठ्या वाढी करता आल्या. उत्तर सीमेवर तर दर एकदम दुप्पट झाला.

दीर्घ गोठवणुकीनंतर मागणी साठते आणि मग एकदम मोठी उडी मारावी लागते. दक्षिण कोरियात २०१७ च्या निवडणुकीत तीन वर्षांत १०,००० वॉन गाठण्याचे वचन दिले गेले. २०१८ मध्ये १६.४ टक्के आणि २०१९ मध्ये १०.९ टक्के वाढ झाली. छोट्या व्यावसायिकांचा रोष उसळला, अध्यक्ष मून यांनी वचन पाळता येत नसल्याबद्दल माफी मागितली आणि २०२० ची वाढ २.९ टक्क्यांवर आली. दरवर्षी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पद्धतीने होणारी वाढ मालकालाही सोसवते आणि कामगारालाही तिची खात्री असते. कोणताही पक्ष मोठा आकडा घेऊन आला तर मी आधी हेच विचारेन: पुढच्या वर्षी तो कोण आणि कशाच्या आधारे बदलणार?

आकडा ठरवायचा कसा?

एक मार्ग गरजांचा. भारतात १९५७ च्या पंधराव्या श्रम परिषदेने कमावत्यामागे तीन उपभोग घटक धरले, म्हणजे तीन प्रौढांइतका खर्च. त्यात माणशी २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे आणि इंधन-दिव्यासह किरकोळ खर्चासाठी २० टक्के असा हिशेब होता. दुसरा मार्ग तुलनेचा. ब्रिटनने मध्यक वेतनाच्या दोन तृतीयांशाचे लक्ष्य ठेवले, तर युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशात ६० टक्के हा मापदंड सुचवला आहे. पहिला मार्ग माणसाला काय लागते ते सांगतो, दुसरा अर्थव्यवस्था किती पेलू शकते ते. दोन्ही आकडे टेबलावर हवेत, आणि त्यांच्यातली तफावत लोकांना दिसायला हवी.

कायद्यात दर आहे, पण हातात मिळतच नाही. मग वाढवून उपयोग काय?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २६ कोटी ६० लाख पगारदार कामगारांना किमान वेतनापेक्षाही कमी मिळते. कुणी कायद्याबाहेर राहिलेले, तर कुणाच्या बाबतीत कायदाच धाब्यावर बसवलेला. तरीही दर वाढवणे निरर्थक नाही. ब्राझीलमध्ये असंघटित क्षेत्रातली मजुरीही अधिकृत दराच्या मागोमाग सरकताना दिसली आहे, कारण सौदा करताना तो आकडा दोघांच्याही मनात असतो.

पण अंमलबजावणी स्वस्तात होत नाही. निरीक्षक हवेत आणि दंड चोरीपेक्षा मोठा हवा. ब्रिटनमध्ये थकवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होतो आणि कसूरदार मालकांची नावे जाहीर होतात. याहून महत्त्वाचे म्हणजे, पगार पूर्ण दिल्याच्या नोंदी ठेवण्याची आणि त्या दाखवण्याची जबाबदारी मालकावर हवी. ज्याच्याकडे पगाराची पावतीही नसते त्याच्याकडून पुरावा मागितला, तर तक्रार करायला कुणी पुढे येणारच नाही.